पदवीवाचून घडलेली पिढी : कोल्हापूरचा चित्रपट-कारखाना

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुढच्या अर्धशतकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर उत्कर्षाचा एकच राजमार्ग ठळक होत गेला. आधी मॅट्रिक, म्हणजे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, मग बी. ए. किंवा एलएल. बी. आणि त्यानंतर सरकारी कचेरी, शाळा अथवा न्यायालय, असा त्या मार्गाचा क्रम होता. या वाटेने गेलेल्यांचा इतिहास चरित्रांतून आणि आत्मचरित्रांतून विपुल लिहिला गेला आहे. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही आणि तरीही एका संपूर्ण उद्योगाचा पाया घातला, त्यांच्याविषयी बोलताना मात्र 'उपजत प्रतिभा' असे म्हणून हात जोडून मोकळे होण्याचा प्रघात आहे. प्रतिभा उपजत असते हे मान्य केले, तरी ती कोणत्या कामावर घासली गेली, चुका करण्याची मुभा तिला कोणी दिली आणि त्या चुकांचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न उरतातच. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कोल्हापुरात उभा राहिलेला चित्रपटाचा कारखाना या प्रश्नांचा विचार करण्यास विशेष सोयीचा आहे, कारण तेथे जवळजवळ एक पिढीच्या पिढी पदवीवाचून तयार झाली, तिने देशभर नाव मिळवले आणि ती कशी तयार झाली याचा माग बऱ्याच अंशी काढता येतो.

कोल्हापूर हे त्या काळी संस्थान होते, म्हणजे ब्रिटिशांच्या अधिसत्तेखाली असूनही अंतर्गत कारभारात स्वतःचा राजा असलेले राज्य. १८९४ ते १९२२ या काळात तेथे राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द होती. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्यामागची परिस्थिती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. विद्यापीठाची पदवी कागदोपत्री सर्वांना खुली असली, तरी प्रत्यक्षात ती मूठभर जातींच्या हाती एकवटलेली होती. सुतार, लोहार, चितारी अशा कारागीर जातींच्या मुलांसमोर पदवी हा पर्याय बहुधा येतच नसे, त्यामुळे तो त्यांनी 'नाकारला' असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्यासाठी शिक्षणाची जागा घरातील कामाचा ओटा ही होती आणि परीक्षा गिऱ्हाईक घेत असे.

कोल्हापूरचे वैशिष्ट्य असे, की अशा शिक्षणाला लागणारे काम आणि आश्रय दोन्ही त्या शहरात एकाच वेळी उपलब्ध होते. गायक अल्लादियाखाँ दरबाराच्या आश्रयाला होते, आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर चित्रकार तेथे राहत होता आणि नाटक मंडळ्यांचा मुक्काम शहरात वारंवार पडत असे. आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आले होते. रेखाटनाच्या क्रमवार पायऱ्या, छायाप्रकाशाचा अभ्यास आणि माणसाचे शरीर समोर ठेवून केलेले चित्रण, अशी पाश्चात्त्य वास्तववादी शिस्त तेथे शिकवली जाई. हीच शिस्त कलाशाळेत न जाता, चित्रे पाहून आणि स्वतः प्रयोग करून आत्मसात करणारी दोन माणसे कोल्हापुरात त्याच सुमारास मोठी होत होती. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे ते दोघे चुलतभाऊ पुढे 'पेंटर' या नावानेच ओळखले गेले.

बाबूरावांचा जन्म १८९० सालचा. त्यांचे वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम, चित्रे आणि मूर्ती अशा अनेक कामांत हात बसलेले कारागीर होते. अशा घरात मुलाला वेगळे बसवून धडा दिला जात नसे. हत्यारे ओळखणे, ती धारेला लावणे, माल निवडणे, मोठ्यांनी आखून दिलेल्या रेषेवर काम करणे आणि शेवटी स्वतः आखणी करणे, असा क्रम वर्षानुवर्षे आपोआप घडत जाई. या पद्धतीचा एक परिणाम पुढे निर्णायक ठरला. लाकूड, धातू, रंग आणि माती यांच्यातल्या ज्या भिंती शाळेच्या अभ्यासक्रमात असतात, त्या या घरात नव्हत्या. चित्रपट ही अशी कला निघाली, की तिला या चारही गोष्टी एकाच छपराखाली हव्या होत्या.

पेंटर बंधूंचा पहिला नावलौकिक नाटकाच्या पडद्यांनी झाला. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात प्रत्येक मोठ्या मंडळीला राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ अशी स्थळे दाखवणारे रंगवलेले पडदे लागत, आणि पडद्यांची नवलाई हा जाहिरातीचा विषय असे. हे काम चौकटीतल्या चित्राहून फार वेगळे होते. कापड अनेक हात रुंद असे, ते गुंडाळले आणि उलगडले तरी रंग सुटता कामा नये, आणि ते कृत्रिम प्रकाशात, दूर बसलेल्या माणसाला पाहायचे असल्यामुळे दिवसाउजेडी जवळून पाहताना योग्य वाटणारा रंग रंगभूमीवर फिका पडू शकत असे. खोलीचा भास उत्पन्न करणाऱ्या रेषांची रचना, जिला यथार्थदर्शन म्हणतात, तीही प्रेक्षागृहातील आसनांचा विचार करून आखावी लागे. चित्र कोठून आणि कोणत्या उजेडात पाहिले जाणार याचा आधी विचार करून मग हात चालवण्याची ही सवय म्हणजे छायालेखकाच्या, अर्थात कॅमेरा चालवणाऱ्याच्या, विद्येचा अर्धा भाग होता. तो भाग पेंटर बंधूंनी कॅमेरा हाती येण्यापूर्वीच आत्मसात केला होता.

मुंबईत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ १८९६ साली झाला आणि १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. फाळके आणि पेंटर यांची तुलना येथे उपयोगी पडते. फाळके जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले होते, छपाई आणि छायाचित्रण यांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, आणि चित्रपटाचे तंत्र समजून घेण्यासाठी १९१२ साली ते इंग्लंडला जाऊन आवश्यक यंत्रे घेऊन आले. पदवी फाळक्यांपाशीही नव्हती, पण संस्थांमधले शिक्षण आणि परदेशप्रवास यांचे पाठबळ होते. कोल्हापूरच्या बंधूंपाशी यांपैकी काहीच नव्हते. त्यांनी चित्रपट दाखवण्याचे यंत्र मिळवून ते उघडून पाहिले, खेळ करून पाहिले, आणि जे यंत्र चित्रे पडद्यावर टाकते त्याच्याच तत्त्वावर चित्रे टिपणारे यंत्र घडवता येईल या निष्कर्षाला ते आले. १९१६ साली, हे काम अपुरे असतानाच, आनंदरावांचे निधन झाले.

ते काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने पुढे नेले आणि १९१८च्या सुमारास चालता कॅमेरा तयार केला. त्यात नेमके अवघड काय होते हे समजून घेतल्याशिवाय या यशाचे मोल लक्षात येत नाही. भिंग बाहेरून विकत आणता येते आणि उजेड न शिरणारी पेटी कोणताही चांगला सुतार बनवू शकतो. खरी मेख फिल्मच्या चालीत असते. फिल्म सलग सरकत राहिली तर चित्र पुसट येते, म्हणून दर सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा ती क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणी भिंगापुढची झडप उघडली पाहिजे, मग झडप मिटून फिल्म बरोबर एका चौकटीएवढी पुढे सरकली पाहिजे, आणि हे सर्व हाताने फिरवायच्या एका दांड्यावर चालले पाहिजे. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत शिरून ती ओढणारा आकडा केसभर जरी जागचा हलला, तरी पडद्यावर सारे चित्र थरथरते. एवढ्या काटेकोरपणाचे सुटे भाग लेथवर, म्हणजे धातू फिरवत ठेवून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर, घडवायचे तर आकडेमोडीइतकीच हाताच्या जाणिवेची गरज असते, आणि ही जाणीव मेस्त्रींच्या घरात पिढीजात होती. अपयशी ठरलेला प्रत्येक भाग पुन्हा करून पाहण्याची चिकाटी हाच या अभ्यासक्रमाचा मुख्य विषय म्हणावा लागेल.

कॅमेऱ्याने चित्रपट निघत नाही, त्याला भांडवल लागते, आणि येथे एका स्त्रीचे नाव येते. अल्लादियाखाँच्या शिष्या असलेल्या कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी या धाडसात पैसा घातला आणि त्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात प्रदर्शित झाला. कीचकवधाची कथा रंगभूमीमुळे महाराष्ट्राच्या परिचयाची होती, परंतु पडद्यावरचा वध इतका खरा वाटला, की प्रेक्षकांना तो सहन होईना आणि पुढे ते दृश्य वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' म्हणून गौरव केला. त्या काळच्या महाराष्ट्रात याहून वजनदार प्रशस्तिपत्र देऊ शकेल असे विद्यापीठ नव्हते.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ऐतिहासिक महत्त्व मात्र तिच्या चित्रपटांइतकेच तिच्या कामकाजाच्या रीतीत आहे. दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, बाबूराव पेंढारकर आणि व्ही. शांताराम ही मराठी चित्रपटाच्या पुढच्या पर्वातील जवळजवळ सर्व ठळक नावे येथे एकत्र सापडतात. विष्णुपंत दामले मूळचे पेणचे, तर फत्तेलाल कागलचे. पडद्यांच्या कामापासूनच ते पेंटर बंधूंशी जोडले गेले होते आणि सहकाऱ्यांमध्ये 'दामलेमामा' व 'साहेबमामा' या नावांनी ओळखले जात. शांताराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ सालचा. शाळा अर्ध्यावर सोडून त्यांनी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काढला, हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले, तेथल्या एका चित्रपटगृहात पडेल ते काम केले, आणि १९२०च्या सुमारास मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने ते कंपनीत दाखल झाले. विभागांची काटेकोर वाटणी तेथे नव्हती. आज नट म्हणून उभा राहणारा माणूस उद्या देखाव्याची चौकट ठोके, परवा फिल्म धुण्याच्या खोलीत हात घाली आणि गरज पडली की झाडूही हाती घेई.

अशा सरमिसळीत शिकण्याचा एक ठराविक क्रम होता आणि तो नाटक मंडळीच्या परंपरेतून आलेला होता. मंडळीत मुलगा लहानपणी दाखल होई, बिऱ्हाड आणि जेवण सामाईक असे, आधी झाडलोट, मग समूहातील भूमिका, मग मुख्य नटाच्या आजारपणात अचानक मिळालेली संधी, अशी चढण असे आणि पंगतीतील स्थानावरून माणसाचा दर्जा कळे. कोल्हापूरच्या कंपनीने ही शिस्त कायम ठेवून तिला सुताराच्या आणि चित्रकाराच्या कारखान्याची जोड दिली. बाबूराव स्वतः फार बोलून शिकवणारे नव्हते. प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ते त्याचे रेखाटन करीत, पात्रांचे पोशाख आणि दागिने कागदावर काढून देत, आणि त्या कागदावरून वस्तू प्रत्यक्षात उतरवणे हे शिष्याचे काम असे. चित्र आणि वस्तू यांत जे अंतर राही ते गुरूच्या एका नजरेत उघडे पडे. लेखी परीक्षेत चूक झाली तर गुण जातात. येथे चूक फिल्मवर कायमची उमटे आणि महागड्या कच्च्या मालाचे नुकसान सर्वांना दिसे, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकीवरूनही सारा कारखाना शिकत असे.

या शिक्षणाची फळे लवकरच दिसू लागली. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. त्यापूर्वीचे चित्रण मुख्यतः सूर्याच्या उजेडावर, पांढरे कापड आणि प्रकाश परतवणारे फळे यांच्या मदतीने होत असे. १९२५ साली नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' निघाला. कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा होती, तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती आणि पौराणिक चमत्कारांची सवय लागलेल्या पडद्यावर वास्तवाचे असे दर्शन नवे होते. प्रसिद्धीसाठी लावायची रंगीत भित्तिपत्रकेही बाबूराव स्वतः रंगवीत. पुढे शिष्यांना स्वतंत्र दिग्दर्शनही मिळू लागले : १९२७चा 'नेताजी पालकर' शांताराम यांनी आणि १९२८चा 'महारथी कर्ण' दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. सुमारे आठ वर्षांच्या उमेदवारीनंतर, म्हणजे हाताखाली राहून शिकण्याच्या कालखंडानंतर, मिळालेली ती जबाबदारी पदवीदान समारंभाहून कमी अर्थपूर्ण नव्हती.

येथपर्यंतचा वृत्तान्त पाहता या यशामागचे एक कारण स्पष्टपणे सांगता येते. चित्रपट ही विद्याच इतकी नवी होती, की तिचा अभ्यासक्रम अस्तित्वात नव्हता, तिची पदवी कोणापाशी नव्हती आणि म्हणून पदवीधर व कारागीर हे दोघे एकाच रेषेवरून धावू लागले. वैद्यक, कायदा किंवा स्थापत्य यांत तशी स्थिती नव्हती. या व्यवसायांना एकोणिसाव्या शतकातच परीक्षांची कुंपणे पडू लागली होती, तेथे केवळ हातगुणावर प्रवेश मिळणे अवघड होते. बाबूराव पेंटर यांची बुद्धी जितकी असामान्य, तितकाच त्यांचा काळही अनुकूल होता, हे मान्य केल्याने त्यांचे श्रेय उणे होत नाही. उलट, अनुकूल काळ आला असता त्याचा उपयोग करून घेण्याची तयारी नाटकाच्या पडद्यांवर आधीच झाली होती, हे त्यातून अधिक उठून दिसते.

कारखान्याच्या या पद्धतीत एक ताणही दडलेला होता. उमेदवार शिकून तयार झाला, की त्याची अपेक्षा बदलते. त्याला स्वतःच्या कल्पनेने काम करायचे असते आणि त्या कामाच्या फायद्यात वाटाही हवा असतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीत हे शिष्य नोकर होते. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली आणि भांडवल पुरवणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी हे पाचवे भागीदार झाले. चार कारागीर आणि एक सराफ यांनी बरोबरीने मालक होणे ही गोष्ट त्या काळच्या उद्योगधंद्यात विरळा होती. गुरूच्या कंपनीला हा धक्का सोसला नाही. बाबूराव तिच्यातून बाहेर पडले आणि १९३१च्या सुमारास ती बंद पडली. ज्ञान कागदावर किंवा नियमांत नसून माणसांत साठवलेले असल्यामुळे माणसे गेली तेव्हा संस्थेपाशी इमारत आणि यंत्रे यांखेरीज फारसे काही उरले नाही.

१९३१ साली भारतात बोलपट आला आणि कोल्हापूरकरांची दुसरी परीक्षा सुरू झाली. 'आलम आरा' या पहिल्या हिंदी बोलपटाचा नायक मास्टर विठ्ठल हाही महाराष्ट्र फिल्म कंपनीतच उमेदवारी केलेला होता. प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ साली मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. त्यासाठी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे आवाज विजेच्या साहाय्याने फिल्मवर प्रकाशाच्या रेषांच्या रूपात टिपण्याची, विद्या कोणाला तरी शिकावी लागणार होती, आणि ती चाळिशीला टेकलेल्या दामल्यांनी शिकून घेतली. ज्या हातांनी पडदे रंगवले आणि कॅमेऱ्याचे भाग घडवले, तेच हात आता ध्वनिमुद्रण यंत्रावर बसले. नवे तंत्र आले की पुन्हा उमेदवार होण्याची ही तयारी कारखान्यातील शिक्षणाने अंगी बाणवली होती, कारण त्या शिक्षणाला समाप्तीचा दिवस नव्हता.

१९३३ साली प्रभात पुण्यात आली आणि तेथे चित्रणगृहे, रसायनशाळा, देखावे उभारण्याचा विभाग व ध्वनिविभाग असलेली अद्ययावत वास्तू उभी राहिली. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' निघाला. १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा सन्मान झाला आणि मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. या चित्रपटात तुकारामांची पत्नी आवली हिची भूमिका करणारी गौरी ही प्रभातमध्ये साध्या कामावर आलेली स्त्री होती. शेण थापणारी, म्हशीवर चिडणारी, नवऱ्याच्या देवभोळेपणाने कावलेली आणि तरी मायाळू अशी आवली तिने साकारली. त्या भूमिकेत संवादांपेक्षा हातापायांच्या सवयी अधिक बोलतात, आणि नाटकी अभिनयाच्या शाळेत घडलेल्या नटीला त्या सहज जमल्या नसत्या. दिग्दर्शक स्वतः हाताने कामे करून वर आलेले असल्यामुळे त्यांना त्या सवयींचे मोल कळले. वसंत देसाई यांची वाटचालही याच प्रकारची. कोल्हापुरात प्रभातच्या आरंभीच्या दिवसांत ते हरकाम्या म्हणून दाखल झाले, त्यांनी छोट्या भूमिका केल्या, संगीत विभागात मदतनीस म्हणून कान तयार केला आणि पुढे 'शकुंतला' व 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ते देशभर प्रसिद्ध झाले.

या कारागिरांचा पुस्तकी विद्येशी वैरभाव होता असे मात्र समजू नये. 'सावकारी पाश'प्रमाणेच १९३७च्या 'कुंकू' या चित्रपटाचा आधारही ना. ह. आपटे यांची कादंबरी हाच होता. 'संत तुकाराम'ची पटकथा शिवराम वाशीकर यांची होती, आणि के. नारायण काळे यांच्यासारखे साहित्याचे व्यासंगी प्रभातच्या परिवारात होते. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला सन्मानाने बोलावून घ्यावे, ही कारखान्याची जुनी रीत होती. सुतार जसा घडीव दगडासाठी पाथरवटाकडे जातो, त्याच सहजतेने प्रभातचे मालक लेखकाकडे जात. लेखणी आणि हत्यार यांची ही भागीदारी हे प्रभातच्या उत्तम काळाचे मर्म होते, आणि पदवी नसण्याचे कौतुक करताना ते विसरले जाते.

तितकीच विसरली जाणारी गोष्ट म्हणजे या व्यवस्थेबाहेर राहिलेली माणसे. तानीबाईंचा पैसा कंपनीला चालला, 'सैरंध्री'त काम करण्यास गुलाबबाई आणि अनसूयाबाई पुढे आल्या, पण त्यांना पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नवी नावे घ्यावी लागली. कॅमेरा, रसायनशाळा किंवा ध्वनियंत्र यांच्या उमेदवारीत स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्यामुळे प्रतिभेने वर येण्याची वाट त्यांच्यापुरती अभिनय आणि गायन एवढीच रुंद होती. पुरुषांतही दारात उभे राहण्यासाठी बहुधा नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस लागे, हे शांताराम यांच्या उदाहरणावरूनच दिसते. परीक्षेच्या पद्धतीत अनोळखी मुलालाही अर्ज करता येतो, कारखान्यात कोणीतरी हात धरून आत न्यावे लागते. शिवाय नावारूपाला आलेल्या पाच-सहा माणसांच्या मागे रंग कालवणारे, चौकटी ठोकणारे आणि फिल्म धुणारे कितीतरी कामगार तितकीच वर्षे राबून अनामिकच राहिले. यशस्वी झालेल्यांची चरित्रे वाचून या मार्गाची खात्री देता येत नाही, कारण अयशस्वी झालेल्यांची चरित्रे लिहिली गेलेली नाहीत.

ज्ञान माणसांत साठवलेले असले, की माणसांबरोबर तेही निघून जाते, हे प्रभातच्या उत्तरार्धातही दिसते. १९४२ साली शांताराम प्रभात सोडून गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले, १९४५ साली दामले यांचे निधन झाले, आणि १९५०नंतर थोड्याच वर्षांत कंपनी बंद झाली. गुरूच्या कंपनीवर जी वेळ आली होती ती शिष्यांच्या कंपनीवरही आली, आणि कारणही तेच होते. स्टुडिओच्या त्या जागेवर केंद्र सरकारने १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली, जी आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था म्हणून ओळखली जाते आणि प्रवेशपरीक्षा घेऊन पदविका देते. ज्या जागी पदविका नसलेल्यांनी काम केले तेथे पदविका देणारी संस्था यावी, याकडे गमतीचा योगायोग म्हणून पाहिले जाते, परंतु त्यामागे एक क्रम आहे. विद्या नवी असते तेव्हा ती कारखान्यात घडते. तिचे नियम स्थिर झाले आणि ती शिकू इच्छिणाऱ्यांची संख्या ओळखीपाळखीच्या वर्तुळाबाहेर गेली, की ती शाळेत येते. चित्रपटाच्या बाबतीत हे संक्रमण पूर्ण होण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली.

कोल्हापूरच्या या इतिहासावरून पदवीच्या बाजूने किंवा विरुद्ध निकाल देण्यापेक्षा, पदवीवाचून यश मिळण्यास काय काय जुळून यावे लागले हे नोंदवणे अधिक उपयुक्त ठरते. अजून कुंपण न पडलेला व्यवसाय, लहानपणापासून हाताला लागलेले वळण, नाटक मंडळ्यांकडून सातत्याने मिळणारे काम, चुका सोसणारा गुरू, जोखीम पत्करणारी गायिका आणि नंतर सराफ, कलावंताला मान देणारे संस्थान, आणि एकमेकांची कामे जाणणारे सहकारी, एवढ्या गोष्टी एका शहरात एकत्र आल्या तेव्हा ही पिढी घडली. यांतील बहुतेक गोष्टी विद्यापीठ आपल्या परीने पुरवण्याचा प्रयत्न करते : वेळ, साधने, मार्गदर्शक आणि चुकण्याची मुभा. ज्याला पदवी घेता येत नाही किंवा घ्यायची नसते, त्याला या गोष्टी टाळता येत नाहीत, त्या त्याला दुसरीकडून मिळवाव्या लागतात. म्हणून पदवी नसलेल्या हुशार मुलाला बाबूराव पेंटर यांचे उदाहरण देणाऱ्या समाजाने, आपल्या गावात त्या मुलासाठी असा कारखाना कोणता आहे आणि त्याच्या पहिल्या दहा चुकांचा खर्च कोण सोसणार आहे, याचेही उत्तर त्याच वेळी द्यायला हवे.